णमोकारात महावीरांचं नाव का नाही?

चि. पार्श्व, अनेक आशीर्वाद.

आजी रोज आपला जैनांचा णमोकार मंत्र म्हणते, त्यात महावीरांचं नावच नाही, असं कसं, हे तू परवा फोनवर विचारलंस. बरोबर पकडलंस! महावीरांचंच काय, 24 तीर्थंकरांपैकी एकाचंही नाही. नमस्कार आहे तो अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच पदांना. त्या पदाला जो पोचेल, त्याला.

मला त्यातला क्रम फार आवडतो. खरं तर सिद्ध वरचे. सगळी कर्मं गळून मोक्षाला गेलेले. अरिहंतांना केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालंय, पण ते अजून देहात आहेत. तरी पहिला मान त्यांचा, कारण वाट त्यांच्या तोंडून कळली. सिद्ध काही सांगायला येत नाहीत.

अरिहंत वाट सांगतात, पण हात धरून नेत नाहीत. गौतमस्वामींचंच बघ. महावीरांच्या 11 गणधरांतले, म्हणजे मुख्य शिष्यांतले, पहिले, वेद कोळून प्यालेले, वाद घालायला आले आणि शिष्यच झाले. पण श्वेतांबर पंथाच्या कथेत त्यांचं केवलज्ञान अडून राहतं ते गुरूवरच्या मायेमुळे! पावापुरीला महावीरांचं निर्वाण झालं, गौतमस्वामी रडले, सावरले, आणि मग त्यांना ज्ञान झालं. दिवाळीला आपण निर्वाणलाडू चढवतो तो त्याच अमावास्येचा.

म्हणून बस्तीत, म्हणजे आपल्या देवळात, तीर्थंकरांपुढे काही मागायचं नसतं. (तुझ्या परीक्षेच्या वेळी आजी पद्मावतीची ओटी भरते, ते वेगळं. ती शासनदेवी, म्हणजे तीर्थंकरांची रक्षक देवी. आजीचा हिशेब पक्का असतो.)

आजीच्या देव्हाऱ्याशेजारी फोटो आहे तो आचार्य शांतिसागर महाराजांचा. जन्म 1872, आपल्या भोज गावाच्या बाजूचा. दिगंबर मुनींची कडक चर्या त्यांनी पुन्हा रुळावर आणली. 1955 साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे व्रतानं अन्नपाणी सोडून देह ठेवला.

आता गावात चातुर्मास आहे, आजी चौका लावेल, म्हणजे मुनींच्या आहारासाठी सोवळ्यानं स्वयंपाक करेल. चातुर्मासाला आलेले मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. घासात केस निघाला तरी अंतराय, म्हणजे आहार तिथंच थांबतो. त्या दिवशी पुढे पाणीसुद्धा नाही. तेव्हा तांदूळ नीट निवडू लाग. आहारात ते बोलत नाहीत. तुझे बाकीचे प्रश्न दुपारी प्रवचन झाल्यावर त्यांनाच विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझे पप्पा