जुना रेग्युलेटर, नवा सिलिंडर

प्रश्न: काकांकडून स्कूबा डायव्हिंगचा 1970 च्या आसपासचा सिंगल होज रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब श्वासापुरता कमी करणारं यंत्र) मिळाला आहे, योकचा (व्हॉल्व्हवर चढवून स्क्रूने आवळायची चौकट). तारकर्लीला वापरायच्या नव्या सिलिंडरला डिन व्हॉल्व्ह (रेग्युलेटर आट्यांनी आत फिरवून बसवायचा) आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरकडून अडॅप्टर करून घ्यावा का? प्रेशर गेजही नवा लावायचा आहे.
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: टर्नरकडे जाऊ नका. आटे बसले म्हणजे 200 बारचा दाब सोसेल असं नाही, आणि इथे तयार भाग मिळतो. आधी व्हॉल्व्हवर कोरलेला दाबाचा (बारचा) आकडा बघा. 232 असेल आणि व्हॉल्व्हच्या मागे योकचा स्क्रू टेकायला खळगा असेल, तर त्या बनावटीचा इन्सर्ट (डिनच्या भोकात बसणारा, योकला टेकायला तोंड देणारा तुकडा) ॲलन कीने आत बसवा, दोन्हीकडच्या ओ-रिंग (रबरी कड्या) तपासा. मग योक लागेल. आकडा 300 असेल तर विषय संपला, योक 232 बारपर्यंतच. जुना योक कधी कधी अरुंद असतो, आजच्या रुंद व्हॉल्व्हवर चढतच नाही. कानस मारून किंवा फाकवून तो बसवू नका.

गेजची गोष्ट जास्त नाजूक आहे. पूर्वी रेग्युलेटरवरचे हाय प्रेशर (सिलिंडरच्या दाबाचे, गेजसाठी) आणि लो प्रेशर (कमी केलेल्या दाबाचे) दोन्ही पोर्ट, म्हणजे होज लावायची भोकं, 3/8 इंचीच असत. त्यामुळे लो प्रेशर होज चुकून हाय प्रेशर पोर्टात लागायचा. एरवी दहा बारच्या आसपास चालणाऱ्या होजमध्ये थेट 200 बार, म्हणजे होज फुटणारच. म्हणून हाय प्रेशर पोर्ट 7/16 इंची केले. व्हर्नियर घेऊन पोर्टाच्या प्लगचे आटे मोजा: 9.5 मिलिमीटरच्या जवळ आले तर जुना, 11 च्या जवळ आले तर नवा. जुन्या पोर्टाला 7/16 चा होज लावायचा अडॅप्टर डायव्हिंगच्या दुकानात मिळतो. मात्र समोरचा पोर्ट नक्की हाय प्रेशरचाच आहे ना, ही खात्री आधी.

सेकंड स्टेज (तोंडाकडचा भाग) नवी लावायची असेल तर इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजकडून (सिलिंडरवरचा भाग) तिच्याकडे येणारा दाब, मोजा. इन्फ्लेटर होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या) गेज लावा, सिलिंडर सावकाश उघडा, सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्ज बटण चार-पाच वेळा दाबा. काटा साधारण 9 ते 10 बारवर येऊन थांबला पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिला तर हाय प्रेशर सीट (फर्स्ट स्टेजमध्ये हवा अडवणारा भाग) गेली. आजच्या डाउनस्ट्रीम (दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) सेकंड स्टेजमधून अशा वेळी जादा हवा आपोआप बाहेर पडते. जुन्या अपस्ट्रीम रचनेत दाब वाढला की व्हॉल्व्ह उलट घट्ट बंद होतो, म्हणून फर्स्ट स्टेजवर रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. तो नसेल तर तो जोड पाण्यात नेऊ नका.

आणि त्या मॉडेलचा सर्व्हिस किट मिळतो का, हे सगळ्यात आधी विचारा. मिळत नसेल तर रेग्युलेटर शोकेसमध्ये शोभेल. दिसायला सारखी सीट टाकून चालवणं हा आमच्या मते शुद्ध वेडेपणा. मशीन ऑइलही नको, सिलिकॉन ग्रीस तेवढं, तेही बोटाला चकाकी येईल इतकंच.

प्रश्न: माझा 232 बारचा डिन रेग्युलेटर मित्राच्या सिलिंडरवर पूर्ण आवळला तरी हवा सूं-सूं करत जाते. ओ-रिंग नवी आहे.
— वाचक, होटगी रोड

उत्तर: त्याचा व्हॉल्व्ह 300 बारचा असणार. 232 च्या कनेक्टरला पाच आटे, 300 ला सात. तुमचं टोक सीलच्या जागेपर्यंत पोचतच नाही. मुद्दाम केलेली सोय आहे ती, कमी दाबाचा भाग जास्त दाबावर लागू नये म्हणून. उलट चालतं: 300 चा रेग्युलेटर 232 च्या व्हॉल्व्हवर बसतो.

प्रश्न: उजनीत बचाव पथकाबरोबर जुना काट्याचा डेप्थ गेज चालेल का?
— वाचक, टेंभुर्णी

उत्तर: चालेल, पण आकडा जसाच्या तसा धरू नका. धरण भरलेलं असताना पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटरवर असतं. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे समुद्रसपाटीला शून्य धरलेला सीलबंद गेज अर्ध्या मीटरहून थोडं जास्तच कमी दाखवतो. शिवाय पाणी गोडं, त्याने आणखी तीन टक्क्यांच्या आसपास फरक. दहा मीटरवर काटा साधारण नऊवर दिसेल. आणि 300 मीटरच्या वर असल्याने डायव्हिंगचं टेबलही (किती खोल किती वेळ थांबायचं ते सांगणारं) उंचीचंच वापरा.