एफए चाचण्यांतून मुलांच्या अध्ययनातील उणिवा नेमक्या कशा शोधाव्यात?

आपण कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवता, वर्षातील चारही एफए (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे शिकवता शिकवता करायचे मूल्यमापन) चाचण्या वेळेवर घेता, तरी वजाबाकीत दरवेळी तीच मुले मागे राहतात, मग या मूल्यमापनाचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. निपाणी भागात चौथीचा वर्ग सांभाळताना मीही बरीच वर्षे ‘दहापैकी चार’ असा गुण लिहून पान उलटत असे. मुलाचे कुठे अडले आहे, हे त्या चारवरून कळत नाही. ते चुकलेल्या सहा उत्तरांत असते.

त्यासाठी उदाहरण मात्र जाणीवपूर्वक निवडावे लागते. 52 मधून 27 वजा करताना जे मूल सरळ मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, त्याचे उत्तर 35 येते आणि जे दशक सुटा करते पण दशकाच्या घरातील एक कमी करायला विसरते, त्याचेही 35 च येते. त्याऐवजी 53 वजा 27 द्यावे. पहिल्याचे उत्तर 34 येईल, दुसऱ्याचे 36.

माझ्या वर्गातील एका मुलीचे उत्तर 8 आले होते. फळ्यावर मांडलेली उदाहरणे ती अचूक सोडवी, तोंडी सांगितलेली चुकवी. घरी कन्नड बोलणारी ही मुलगी ‘त्रेपन्न’ ऐकून 35 लिहीत होती (35 वजा 27 म्हणजे 8), कारण कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ म्हणताना पन्नास आधी येतात आणि तीन नंतर, तर मराठीत तीन आधी ऐकू येतात. ‘एकोणचाळीस’ला तर ती 49 लिही. तिला मी महिनाभर वजाबाकीच पुन्हा शिकवत बसलो होतो, हे सांगताना आजही संकोच वाटतो. सीमाभागातील शाळेत ही शक्यता आधी तपासावी.

उपाय चुकीनुसार बदलतो. 34 लिहिणाऱ्याच्या हाती काड्यांचे पाच गठ्ठे व तीन सुट्या काड्या देऊन सत्तावीस काड्या मागाव्यात. गठ्ठा सोडल्याखेरीज त्याचे भागणार नाही. 36 लिहिणाऱ्याला काड्यांची गरज नाही, 5 खोडून वर 4 लिहिण्याची सवय पुरते. 8 लिहिणाऱ्याकडून रोज दहा संख्या, मराठी आणि कन्नड दोन्ही नावांनी, ऐकून लिहून घ्याव्यात.

हे सारे चाचणीपर्यंत थांबवू नये. तासाच्या शेवटी चतकोर कागदावर एकच उदाहरण सोडवून घ्यावे, त्यावर गुण देऊ नयेत आणि उत्तरांप्रमाणे कागदांचे ढीग लावावेत. दहा मिनिटांचे काम आहे, नोंदवही भरायला याहून अधिक वेळ जातो. आठवड्याने 74 वजा 38 द्यावे. तेथे 44 आले तर काड्या पुन्हा काढाव्यात, 46 आले तर खोडून लिहिण्याची सवय अजून लागलेली नाही आणि 36 हे बरोबर उत्तर आले तर त्या मुलाला 60 वजा 27 द्यावे, कारण एककाच्या घरात शून्य आले की पुष्कळ मुले पुन्हा अडखळतात.