शेवटच्या पानावरचं नाव

"पासपोर्ट बदलला म्हणजे मी देश सोडला, असंच ना मॅडम?"

मी समुपदेशक. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की माणूस प्रस्तावना करू लागला की मला तो आधीच ऐकू येतो. कधी टोरांटोहून, कधी मेलबर्नहून, पण सगळ्यात जास्त जर्मनीहून. त्याला कारण आहे. २७ जून २०२४पासून जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा बदलला. आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आली आणि जुनं नागरिकत्व सोडण्याची सक्तीही गेली. शेजारच्या टेबलावरचा तुर्की सहकारी आता दोन्ही पासपोर्ट ठेवू शकतो. आपल्या माणसाला ते जमत नाही, कारण आडवा येणारा कायदा आपला आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पूर्वी "जर्मनीच सोडायला लावते" असं म्हणून मनाची समजूत घालता यायची. आता तेही राहिलं नाही.

समीरची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.

समीर एक्केचाळीस वर्षांचा. सातारा जिल्ह्यातलं गाव, पुण्यात इंजिनिअरिंग, आणि अकरा वर्षं स्टुटगार्टजवळ नोकरी. बायको, नऊ वर्षांची मुलगी. नागरिकत्वाच्या परीक्षेत तेहतीस प्रश्न असतात, सतरा बरोबर आले की पास. समीरचे तेहतीसच्या तेहतीस बरोबर आले होते. भाषेचं प्रमाणपत्र होतं, पगाराच्या स्लिपा होत्या, अर्ज भरून तयार होता. फक्त सही नव्हती. चौदा महिने तो अर्ज खणात पडून होता. बायकोने स्वतःचा आणि मुलीचा अर्ज भरून टाकला होता आणि त्यावरून घरात अबोला सुरू होता. रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही, ही त्याची तक्रार. नागरिकत्वाचा विषय तर पहिल्या भेटीत निघालाही नाही.

दुसऱ्या भेटीत निघाला, तो जमिनीवरून.

"गावाकडची शेती जाईल ना?"

"वडिलोपार्जित आहे?"

"हो. सातबारावर वारस नोंद झालीय."

"मग ती जाते का?"

थोडं थांबून म्हणाला, "नाही. वारसाने आलेली राहते. नवी घेता येत नाही."

"आणि आज, भारतीय पासपोर्ट असताना, तुम्ही परदेशात राहून नवी शेतजमीन घेऊ शकता?"

"नाही. तेही माहीत आहे."

मग मतदानाचं निघालं. परदेशातल्या भारतीयाला मत देता येतं, पण गावच्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. अकरा वर्षांत तो एकदाही त्यासाठी आला नव्हता. मग ओसीआय कार्डाचं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं त्या कार्डाचं. आयुष्यभराचा व्हिसा, हवं तितकं राहता येतं, पण मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. हेही त्याला तोंडपाठ. माझ्यापेक्षा जास्तच.

इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. असा माणूस समोर आला की आप्तेष्ट त्याला माहिती पुरवत बसतात. "अरे, ओसीआय मिळतं की! काही फरक पडत नाही." माहितीने सुटणारी भीती समीरसारख्याची पहिल्या आठवड्यात सुटली असती. ज्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी हात उचलत नाही, त्याची भीती दुसरीकडेच राहते. तिथे जायला हवं.

माझी कामाची रीत साधी आहे. माणूस बोलत असतो तेव्हा मी एका शब्दाची वाट पाहते. 'म्हणजे'. नापास झालो म्हणजे वाया गेलो. त्याने फोन केला नाही म्हणजे मी नकोशी झाले. या शब्दाच्या डावीकडे घडलेली गोष्ट असते आणि उजवीकडे आपण तिला लावलेला अर्थ. माणसाला छळतो तो अर्थ, पण घडलेल्या गोष्टीला इतका चिकटून येतो की वेगळा दिसत नाही. अठरा वर्षांच्या कामात या एका शब्दाने मला जितकं दाखवलं, तितकं जाडजूड प्रश्नावल्यांनी दाखवलं नाही.

चौथ्या भेटीत मी समीरला पासपोर्ट घेऊन बसायला सांगितलं. व्हिडिओवरच भेटत होतो. म्हटलं, "हातात घ्या आणि चाळा. बोलू नका."

त्याने फोटोचं पान पाहिलं, शिक्के पाहिले, मग उलटून शेवटच्या पानावर आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ. आपल्या पासपोर्टच्या त्या पानावर वडिलांचं नाव असतं, आईचं, जोडीदाराचं आणि पत्ता. समीरच्या पानावर पत्ता गावचा होता. मु. पो., तालुका, जिल्हा.

"हे पान त्यांच्या पासपोर्टात नसतं," तो म्हणाला.

"कोणतं?"

"बाबांचं."

त्याचे वडील २०२१च्या मे महिन्यात गेले, दुसऱ्या लाटेत. विमानं, निर्बंध, विलगीकरण या सगळ्यात त्याला येता आलं नाही. चुलतभावाने फोन धरला आणि त्याने सगळं पडद्यावर पाहिलं. हे त्याने मला पहिल्या भेटीत एका ओळीत सांगितलं होतं, कुटुंबाची माहिती देताना. मीही ते एका ओळीइतकंच लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी वही मागे उलटून ती ओळ पुन्हा वाचली.

"समीर, आता वाक्य पूर्ण करा. सही करणं म्हणजे..."

"म्हणजे बाबांचं नाव मी माझ्या हाताने काढणं."

"पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना रडू लागला. मी मध्ये बोलले नाही. हे रडणं चार वर्षं उशिरा आलं होतं आणि त्याला पूर्ण वेळ मिळायला हवा होता. त्या भेटीत पुढे काहीच केलं नाही. नवख्या समुपदेशकांना मी हे नेहमी सांगते की गाठ दिसली म्हणून लगेच ओढायला जाऊ नका.

पुढच्या भेटीत मी त्याला नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेताना म्हणायचं जर्मन निवेदन मराठीत सांगायला लावलं. "जर्मनीच्या संविधानाचा आणि कायद्यांचा आदर करीन, देशाला हानी पोहोचेल असं काही करणार नाही."

"यात बाबांविषयी काय आहे?"

"काही नाही."

"गावाविषयी?"

"काही नाही."

"मग ते कलम कोणी घातलं?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "मीच."

आणि मग मी तो प्रश्न विचारला, ज्याने या केसचं सगळं वळण बदललं. खरं तर मी तो ठरवून आणला नव्हता. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं, त्यावरून सुचला.

"समजा, आईजवळ सलग वर्षभर राहायचं ठरवलं, तर?"

"नाही जमणार. आधी लेखी परवानगी न घेता सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलो, तर माझा तिथला पीआर, कायम राहण्याचा परवाना, जातो."

"आणि जर्मन पासपोर्ट असेल, सोबत ओसीआय असेल, तर?"

तो उत्तर द्यायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तर कितीही राहता येईल," तो हळू म्हणाला. "मग परत जाण्याची घाईच नाही."

हे नियम त्याला वर्षानुवर्षं ठाऊक होते, वेगवेगळ्या कप्प्यांत. ज्या पासपोर्टला तो गावाशी बांधणारा दोर समजत होता, तोच त्याला सहा महिन्यांच्या आत परत खेचत होता. 'म्हणजे'ची उजवी बाजू रिकामी झाली की तिथे दुसरं काही दिसायला जागा होते. हे मी त्याला आयतं सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि अर्ज खणातच राहिला असता. ते त्याच्या तोंडून यावं लागलं.

आता आईला सांगायचं होतं. हा टप्पा फार जण चुकवतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर सांगू म्हणतात, मग मावशीकडून किंवा फॅमिली ग्रुपवरून आईला कळतं, आणि तिला दुखतं ते पासपोर्टपेक्षा लपवण्याने. सही करण्याआधी सांगा. फोनवर, निवांत वेळी, एकट्याने. परवानगी मागायची नाही आणि नुसती खबरही द्यायची नाही. आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. समीरने रविवारी सकाळी फोन केला. शेवटच्या पानाचंही सांगितलं. आई म्हणाली ते त्याने मला तिच्याच शब्दांत ऐकवलं.

"आरं, माझं लगीन झालं तवा आमच्या आप्पांनी रेशनकार्डावरनं माझं नाव कमी केलं. नाव कमी केल्याचा दाखला घिऊन आले मी हितं. म्हणून काय मी आप्पांची लेक ऱ्हायले न्हाई व्हय?"

आणि लगेच पुढे, "मग आता किती दिस ऱ्हाशील आल्यावर?"

मी इतकी वर्षं लोकांना 'म्हणजे' सोडवायला शिकवते. त्या माउलीने ते एका दाखल्यात केलं.

अशा वळणावर उभ्या असलेल्यांसाठी थोडं सांगते. "काही फरक पडत नाही" असं स्वतःला सांगू नका. फरक पडतो. मत जातं, आणि इतकी वर्षं वापरलेलं नसलं तरी ते आपलं होतं. गेलेल्या गोष्टीचं दुःख करायला जागा ठेवली की ते रात्री तीनला उठवत नाही. पण दार कायमचं बंद होतं असंही नाही. ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंदणी झाल्यावर आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिल्यावर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, अर्थात मग दुसरं सोडावं लागतं. नवरा-बायकोचा वेग वेगळा असू शकतो. एकाने आधी सही केली याचा अर्थ त्याचं प्रेम कमी, असा लावू नका. (बघा, 'म्हणजे' इथेही लपून आला.) आणि एक व्यवहाराची गोष्ट: नवं नागरिकत्व मिळाल्यावर जुन्या भारतीय पासपोर्टावर एकही प्रवास करू नका, तो वेळेत सरेंडर करा. हळवेपणाने तो जवळ ठेवणाऱ्यांना नंतर दंड भरावा लागतो.

उत्तर 'हो'च असावं, असा माझा आग्रह नाही. ब्रेमेनहून बोलणारी एक बाई अशाच पाच भेटींनंतर 'नाही' म्हणाली. तिला साठीनंतर परत यायचं होतं आणि पीआरवर तिचं नीट चाललं होतं. तीही आता शांत झोपते. सही होणं किंवा न होणं हे माझं यश नाही. हात कशाने अडकला होता ते त्या माणसाला दिसणं, एवढंच मी माझं काम मानते.

समीरने त्या आठवड्यात सही केली. मधल्या महिन्यांत आम्ही दोनदाच बोललो. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याने पासपोर्ट सरेंडर केला आणि तो रद्दचा शिक्का मारून त्याला परत मिळाला. शेवटचं पान जसंच्या तसं होतं. गावी आल्यावर त्याने तो वडिलांच्या पेटीत, जमिनीच्या कागदांशेजारी ठेवला.

येत्या फेब्रुवारीत तो बिनपगारी रजा घेऊन आठ महिन्यांसाठी येतो आहे. आईने माडीवरच्या खोलीला नवा पंखा बसवून घेतला आहे.