खोडरबर बाजूला ठेव

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचताना एका ओळीशी अडकलो. कोजागिरीला चंद्र डोंगरावर कधी आला ते तू लिहिलंस, दुसऱ्या रात्रीही लिहिलंस, फरक आला ४३ मिनिटं. पुस्तकात ५० आहे म्हणून तू ४३ खोडून ५० केलंस! का गं? डोळे तुझे, घड्याळ तुझं, अंगण तुझं. दिसलं तेच लिहायचं.

अगं, चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा उगवतो, ५० मिनिटं ही त्या उशिराची सरासरी. भाद्रपद-आश्विनाच्या पौर्णिमेला चंद्राची वाट पूर्वेच्या क्षितिजाकडे जास्त झुकलेली असते, म्हणून रोजचा उशीर कमी. चैत्रात तो वाढतो. शिवाय तुझ्यासमोर डोंगर आहे. चंद्र उगवायची जागा रोज सरकते, तिथला कडा उंच की खोलगट, त्यावरही मिनिटं हलतात. तू बरोबर होतीस, आणि बरोबर तेच खोडलंस.

चिडलोय, कारण हे पाप मीही केलंय. हर्णैला चौथीच्या वर्गात मी शिकवत होतो की चंद्र रात्री दिसतो. कोळ्यांचा एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, आत्ता येताना बंदरावर बघितला मी." मी म्हटलं, "खाली बस." वद्य षष्ठी-सप्तमी असेल. सुवर्णदुर्गाच्या अंगाला, खिडकीतून मान वळवली असती तर मलाही दिसला असता. त्या पोराने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. त्याच्या बापाला भरतीची वेळ तोंडपाठ होती: तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. ढोबळ हिशेब, पण होडी त्यावर निघते. पुनवेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती, मी त्याच्याकडून शिकलो, तेही फार उशिरा.

त्या वर्षापासून वही ठेवली. २२ वर्षं झाली. आषाढ-श्रावणात पानंच्या पानं 'ढग' एवढंच आहे. तेही दिसलेलंच, तेही लिहायचं. दुर्बीण घेतली नाही म्हणून मित्रांनी खूप ऐकवलं. दोघे दुर्बिणीसाठी पैसे साठवत राहिले, त्यांच्याकडे एका रात्रीची नोंद नाही. मी केलं तेच योग्य, आजही म्हणेन. चैत्रातली बीजेची कोर होडीसारखी आडवी आणि आश्विनातली कललेली, हे मला माझ्याच पेन्सिलीच्या चित्रांनी दाखवलं. कारण मग वाचलं. क्रम हाच ठेव. दिसलं ते लिही, मग वाच.

येत्या संकष्टीला घरचे कॅलेंडरातली वेळ बघून नैवेद्याचं ताट वाढतील. तू आधीच अंगणात जा. डोंगरावर चंद्राची कड दिसली की घड्याळ बघ आणि पेनने लिही.

आणि ती जुनी वही मला पाठव. पान उजेडात तिरपं धरलं की खोडलेला आकडा वाचता येतो.

तुझे गुरुजी