ऐन तरुणपणी चढलेला रक्तदाब

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. तिचा रक्तदाब १७०/११० च्या आसपास राहतो आणि तीन गोळ्या चालू असूनही उतरत नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी सांगितली आहे. नातेवाईक म्हणतात, लग्न ठरत नसल्याचे टेन्शन आहे. ही तपासणी खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : होय, आवश्यक आहे. या वयात तीन औषधांनाही न जुमानणारा रक्तदाब काळजीच्या माथी मारून वेळ दवडू नये. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली आहे का, हे डॉप्लरमध्ये पाहतात. ती अरुंद झाली की मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते, मूत्रपिंड रेनिन हे द्रव्य अधिक सोडते आणि त्यातून तयार होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळून व शरीरात मीठ-पाणी साठवून दाब चढवते. धमनी आवळली की दाब चढतो, हे अमेरिकी संशोधक गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी आवळून दाखवले होते.

तरुण स्त्रियांमध्ये याची मुख्यतः दोन कारणे असतात. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसियात धमनीची भिंत ठिकठिकाणी जाड होते आणि अँजिओग्राफीत ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. तिथे फुग्याने धमनी रुंद केल्यास पुष्कळदा गुण येतो, स्टेंटची गरज सहसा पडत नाही. दुसरा आजार ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे महाधमनी व तिच्या शाखांचा दाह. भारतातील तरुणींच्या बाबतीत याचा विचार आवर्जून करावा लागतो. यात आधी दाह शमवणारी औषधे द्यावी लागतात. या आजारात एखाद्या हाताची नाडी मंद होते किंवा लागतच नाही, आणि नेमका त्याच हाताला पट्टा बांधला तर दाब खोटाच कमी भरतो.

म्हणून डॉप्लरच्या आधी, एक पैसाही न लागणारे काम करून घ्या : दोन्ही हातांचा आणि एका पायाचा दाब मोजायला सांगा. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे हमखास राहून जाते. पायातील दाब एरवी हातापेक्षा थोडा जास्त असतो. तो बराच कमी भरला तर महाधमनी जन्मतःच अरुंद असल्याची शंकाही घ्यावी लागते. पोटातील वायूमुळे डॉप्लरमध्ये धमनी कधी कधी नीट दिसत नाही, तेव्हा सीटी अँजिओग्राफी करतात.

गोळ्या मनाने बंद करू नका. मात्र त्यांत एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल, तर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे द्रव्य) तपासून घ्या, कारण दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असल्यास या औषधांनी मूत्रपिंडाचे काम मंदावू शकते. गर्भारपणातही ती चालत नाहीत, तेव्हा लग्नाचा विषय निघालाच आहे तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आताच घालावी.