14 कारणं, आणि कागदावर नसलेलं एक

प्रवेशाच्या याद्या लागल्या की एक प्रश्न हमखास येतो. "मी विद्यापीठ निवडलंय. कारणंही आहेत. पण ती बरोबर आहेत का, तेवढं सांगा." कारणं ढीगभर आणि भरवसा कशावरच नाही, अशी ही अडचण. ती इतक्यांदा कानावर पडते की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. पुढची हकिकत समुपदेशक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मुलीची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींमधलं बोलणं आटवून घेतलं आहे.

तिला जीवशास्त्रात पदवी घ्यायची होती. घराजवळच्या विद्यापीठात जागा मिळाली होती, दूरच्याही. तिने दूरचं धरलं होतं. घरचे सारखं "तेच का?" विचारत होते, म्हणून तिने एका रात्रीत 14 कारणं लिहून काढली. कागद माझ्यासमोर सरकवत म्हणाली,

"एवढी आहेत. तरी झोप लागत नाही."

"प्रत्येक वाक्यातलं विद्यापीठाचं नाव काढ आणि तिथे दुसऱ्या एखाद्या चांगल्या विद्यापीठाचं नाव घालून वाच. वाक्य तरीही खरं वाटलं, तर त्यावर काट मार."

‘अनुभवी प्राध्यापक’ गेलं. ‘मोठं ग्रंथालय’, ‘हिरवागार परिसर’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ही भराभर गेली. ‘जागतिक क्रमवारीत वरचं स्थान’ यावर मात्र पेन थांबलं.

क्रमवारी ही कशाची बेरीज आहे, हे फार थोड्या घरांत कुणी पाहिलेलं असतं. 2003 साली सुरू झालेल्या शांघाय क्रमवारीत 30 टक्के भार नोबेल किंवा गणितातलं फील्ड्स पदक मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा. उरलेला जवळजवळ सगळा संशोधनाचा. क्यूएस या दुसऱ्या जागतिक क्रमवारीत 2024 च्या आवृत्तीपासून 30 टक्के भार प्राध्यापकांच्या मतचाचणीचा आहे. आधी तो 40 होता. त्याच फेरबदलात विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा भार मात्र 20 वरून 10 वर आला. पीएचडी करायला निघालेल्याला यातून काहीतरी कळतं. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला एका सूक्ष्मदर्शकामागे किती जण उभे असतील, हे यातून कळत नाही.

तिने काट मारली. शेवटी तीन उरली: समुद्री सूक्ष्मजीवांवरचा एक ऐच्छिक विषय, शेवटच्या वर्षापर्यंत वसतिगृह, आणि मैत्रिणीने तिथेच घेतलेला प्रवेश.

"मग या तिघांसाठी चाललीस?"

"हो. म्हणजे... एवढ्यासाठी नाही."

मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना एक पोस्टर निवडून घरी न्यायचं होतं. काहींना निवडण्याआधी आवडी-नावडीची कारणं लिहायला लावली. काही आठवड्यांनी विचारलं, तेव्हा कारणं लिहिलेल्यांनाच आपली निवड कमी आवडत होती. शब्दांत सहज बसतं ते कागदावर येतं, आणि मग माणूस त्याच्याच मागे जातो. ग्रंथालय शब्दांत सहज बसतं. पोटातली गोष्ट बसत नाही.

माणसाला आपलं उत्तर आत कुठेतरी ठाऊक असतं, आपण वाटेत उभं राहायचं नाही, ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची शिकवण मला सल्ल्याच्या पोतडीपेक्षा जास्त कामाला येते. म्हणून पंधरावं कारण सुचवायचा मोह टाळला आणि एकच विचारलं.

"समज, तो विषय, वसतिगृह, मैत्रीण, सगळं उद्या जवळच्या विद्यापीठात आलं. मग?"

"तरी नाही."

इतकं पटकन आलं की तिची तीच दचकली. यानंतर समुपदेशकाने तोंड मिटून बसायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तिथे दादा शिकलाय. पहिला आला होता. मी गेले तर पहिल्या दिवसापासून त्याची बहीण." मग आणखी हळू, "हे कारण वाईट आहे ना?"

"वाईट कशाने? 14 मधल्या एकातही एवढा जीव नव्हता."

ती रडली, मग हसली. इथे थांबलो असतो तर भेट छान झाली असती आणि निर्णय कच्चा राहिला असता. कारण दादाचं कारण जवळचं विद्यापीठ बाद करतं, दूरचं निवडत नाही. दादा नाही अशी विद्यापीठं शेकड्यांनी आहेत. कुठे जायचं नाही आणि कुठे जायचं, ही दोन वेगळी कामं. बहुतेक मुलं पहिल्याच्या जोरावर दुसरं उरकून टाकतात. मग पहिल्या सत्रात सुटकेचा आनंद सरतो, कारण संपतं, आणि पदवीची वर्षं शिल्लक राहतात.

"आणखी कुठून पत्र आलंय?"

"तिसरं आहे. बघून बाजूला ठेवलं होतं."

खरी तुलना आता सुरू झाली: दूरचं आणि तिसरं. दोन्ही विभागांना तिने तेच प्रश्न लिहून पाठवले. तो ऐच्छिक विषय (तिसऱ्याकडे त्याच्या जवळचा) गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणत्या सत्रात शिकवला, किती जणांनी घेतला, किमान किती विद्यार्थी नसतील तर रद्द होतो? प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीत किती जण? शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प सगळ्यांना की गुणांनुसार काहींनाच? वसतिगृहाची हमी किती वर्षांची? शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी चालू राहायला किती गुण लागतात? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि दुसऱ्या वर्षी सगळा हिशेब तिथेच कोलमडतो. शुल्कही पहिल्या वर्षाचं न बघता सगळ्या वर्षांची बेरीज करून बघायचं.

नोकऱ्यांच्या टक्केवारीपुढे ‘कशाचे टक्के?’ असं लिहायचं. उत्तीर्ण 100 जणांपैकी 60 जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं आणि 54 जणांना ती मिळाली, तर पत्रकात 90 टक्के छापता येतात आणि 54 टक्केही. दोन्ही खरेच.

आणि तिथल्या मुलांशी बोलायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या. पहिल्या वर्षाची मुलं अजून आपल्याच निवडीचं समर्थन करत असतात. "कसं आहे तिथे?" विचारलं की "मस्त" एवढंच हाती लागतं. "गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंस?" असं विचारलं की तासिका, रांगा, रद्द झालेली प्रात्यक्षिकं, सगळं बाहेर येतं.

दूरच्या विद्यापीठाचं उत्तर आलं. तो ऐच्छिक विषय पत्रकात होता, पण दोन वर्षं शिकवलाच नव्हता. वसतिगृहाची हमी फक्त पहिल्या वर्षाची. उरलेल्या तीनमधली दोन कोसळली. तिसरं, मैत्रिणीचं, तिने स्वतःच खोडलं. मैत्रिणीची शाखाच वेगळी होती. पण त्याच उत्तरात प्रात्यक्षिकाची तुकडी 18 जणांची होती, तिसऱ्या विद्यापीठात 40 ची. आणि शेवटच्या वर्षीचा प्रकल्प इथे प्रत्येकाला, तिथे वरच्या गुणांच्या काहींनाच.

विद्यापीठ तेच राहिलं. कारणं दोनच उरली, आणि ती तिच्या 14 मध्ये कुठेच नव्हती.

बाबांना तिने ती दोन सांगितली. दादाला न लिहिलेलं सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री त्याने तिला तिथल्या भाड्याच्या खोल्यांचे तीन पत्ते पाठवले, दुसऱ्या वर्षासाठी.