‘आयासोफ्या’तली आया कोण?

इस्तंबूल फिरून आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. तिथला गाइड सारखा ‘आयासोफ्या’ म्हणत होता, मराठी लेखांत मात्र ‘संत सोफियाचं चर्च’ असतं. मग आया म्हणजे आई की संत? आणि ही सोफिया कोण?

सोफिया नावाची कुणी बाई इथे नाहीच. ग्रीकमध्ये ‘सोफिया’ म्हणजे प्रज्ञा आणि ‘हागिया’ म्हणजे पवित्र. बोलताना ‘हागिया’चं ‘आयिया’ होतं, तेच तुर्कांच्या तोंडी ‘आया’ झालं. ग्रीकमध्ये संत स्त्रीच्या नावाआधीही हेच विशेषण लागतं, म्हणून घोटाळा होतो. सम्राट जस्टिनियनने ५३७ साली पुरी केलेली ही वास्तू ईश्वराच्या प्रज्ञेला, म्हणजे ख्रिस्ताला वाहिलेली होती. तेव्हा ‘संत सोफिया’ चूकच. आपल्याकडे मुलं सांभाळणारी ‘आया’ पोर्तुगीजांकडून आली, तिचा इथे काही संबंध नाही.

शेजारच्या ‘आया इरिनी’चंही तसंच. तिचं नाव ‘पवित्र शांती’. २९ मे १४५३ ला सुलतान दुसऱ्या मेहमदाने शहर घेतलं आणि पुढे या शांतीच्या देवळात शस्त्रागार थाटलं! मशीद मात्र तिची कधी झाली नाही.

आयासोफ्याची लगेच झाली. आसऱ्याला आत दडलेल्या माणसांना त्याच दिवशी बांधून नेलं, गुलाम म्हणून वाटून घेतलं. वास्तूचं नाव मात्र सुलतानाने बदललं नाही. मशीद झाली तीही ‘आयासोफ्या’ याच ग्रीक नावाने. मला या सगळ्यात हेच सर्वांत नवलाचं वाटतं. घुमटाखाली कोपऱ्यांत सहा पंखांचे देवदूत आहेत. त्यांच्या तोंडांवर धातूची झाकणं होती, त्यातलं एक २००९ मध्ये काढलं तेव्हा कुठे आतला चेहरा दिसला. तेव्हा तिथे संग्रहालय होतं. २०२० पासून पुन्हा मशीद आहे आणि मेरीच्या चित्रापुढे पडदा असतो.

नाव बदललं ते दुसऱ्या एका चर्चचं. उजाड शहर पुन्हा वसवायचं तर ख्रिस्ती रयत हवी, हे मेहमद ओळखून होता. युद्धात कैद झालेल्या गेन्नादिओस या विद्वान भिक्षूलाच त्याने १४५४ च्या जानेवारीत धर्मप्रमुख केलं. त्याची गादी पुढे पम्माकारिस्तोस, म्हणजे ‘परमधन्य’ मेरीच्या चर्चमध्ये गेली आणि तिथे सव्वाशेहून अधिक वर्षं राहिली. मग तिसऱ्या मुरादने कॉकेशसमधल्या विजयाप्रीत्यर्थ त्याचीही मशीद केली. तिचं नाव ‘फेतहिये’. ओळखीचं वाटतंय ना? ‘मोहीम फत्ते’ मधलं आपलं ‘फत्ते’ त्याच अरबी धातूचं. मेहमदाची पदवी ‘फातिह’, तीही त्यातलीच.

फेनेर वस्तीतलं मंगोलांच्या मेरीचं चर्च मात्र आजतागायत चर्चच आहे. तुर्क त्याला ‘कान्ली किलिसे’ म्हणतात, म्हणजे रक्ताळलेलं चर्च. यातल्या ‘किलिसे’चं मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’. हाच शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजात ‘इग्रेजा’ झाला आणि कोकण-गोव्यात ‘इगर्जी’. एकाच घरातले दोन भाऊ, एक तुर्कस्तानात राहिला, दुसरा गलबतात बसून आपल्याकडे उतरला.

ताईंनी जाता जाता आणखी एक विचारलंय, की तिथल्या ग्रीक ख्रिश्चनांना तुर्क ‘रूम’ का म्हणतात. कारण ते स्वतःला रोमनच म्हणवत. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, हे त्यांचं नवं रोम. शहर गेलं, राज्य गेलं, पण धर्मपीठाच्या तुर्की नावात अजून ‘रूम’ आहे. जुन्या मराठीतल्या ‘रूमशाम’ (शाम म्हणजे सीरिया) मधला रूम तोच.